मातीच्या पोटातली ऊब



आज पहाटे गव्हाला पाणी द्यायला गेलो. हात गारठलेले, पण विहिरीचं पाणी कोमट. पाणी कुणी तापवलेलं नसतं. वरचा गारठा खोल जमिनीत पोचतच नाही. खाली बारा महिने हवा जवळपास सारखीच.

याच जोरावर उत्तर चीनचे शेतकरी शेकडो वर्षं थंडी काढत आलेत. शान्शी भागात पिवळ्या मातीचे उंच कडे आहेत. कुदळीनं कापली जाते, तरी उभी राहते अशी ती माती. त्यात कमानीची खोली कोरायची, डोक्यावर दहा-बारा फूट माती राहू द्यायची. या घराला याओदोंग म्हणतात. तोंड शक्यतो दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यातलं कलतं ऊन आतवर येतं. चुलीचा धूर मातीच्या ओट्याखालून फिरवून बाहेर काढायचा आणि रात्री त्याच ओट्यावर झोपायचं. बाहेर पारा उणे दहाच्या खाली गेला तरी आत थोड्या सरपणात भागतं. जाड माती तापायला वेळ घेते, तशी निवायलाही घेते.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस फेब्रुवारी १९३९ मध्ये यानआनला पोचले, ते याच मुलखात. जपानी विमानं बाँब टाकत, म्हणून तिथं दवाखानासुद्धा अशा कोरलेल्या खोल्यांत होता.

पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. २३ जानेवारी १५५६ ला त्याच भागात भूकंप झाला. कडे ढासळले, माणसं झोपल्या घरात गाडली गेली. जुन्या नोंदीत मेलेल्यांचा आकडा ८ लाख ३० हजार आहे.

आपल्याकडं ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. पहाटे चारचा सुमार. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं ओझं. ऊब देणारी मातीच अंगावर आली. त्यानंतर वडिलांनी आमचं माळवद उतरवून पत्रे टाकले. उन्हाळ्यात घर भाजतं, हिवाळ्यात काकडतं. पण "झोप तरी लागते," म्हणायचे.

आता मुलगा शेतात मातीचं घर बांधू म्हणतो. मी नाही म्हणत नाही. माती भिंतीत ठेव, डोक्यावर हलकं छप्पर घाल. कोपरे बांधून घे, चारी भिंतींना फिरता आडवा पट्टा दे, एवढंच सांगितलं.

कुणाचं माळवद अजून उभं असेल, तर पावसाआधी नुसती पांढरी माती टाकून थांबू नका. तुळया आणि भिंतीही जाणकाराकडून बघून घ्या.