पोत्यांच्या वखारीवर संगीत

एखादी इमारत निरुपयोगी कधी ठरते? भिंती खचल्या, छप्पर गळू लागले की, असे आपण सहज म्हणू. जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरातल्या एका वखारीची हकिकत मात्र वेगळी आहे.

एल्ब नदीकाठी १८७५ साली बांधलेली एक वखार दुसऱ्या महायुद्धात मोडकळीस आली आणि १९६३ मध्ये पाडली गेली. तिच्या जागी वेर्नर कालमॉर्गेन या वास्तुरचनाकाराने १९६६ पर्यंत विटांची भक्कम वखार उभारली. कोको, चहा, तंबाखू यांची पोती तेथे रचली जात. हे प्रचंड वजन पेलण्यासाठी खाली काँक्रीटचे १,१११ खांब ठोकले होते.

दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, पहिले संपूर्ण कंटेनरवाहू जहाज हॅम्बुर्गला लागले. कंटेनर क्रेनने उचलून थेट ट्रकवर किंवा आगगाडीवर ठेवता येतो. पोती उतरवणे, रचणे, पुन्हा चढवणे ही कामे हळूहळू संपत गेली. वखार धडधाकट होती. तिचे काम गेले, आणि हमालांचेही.

२००७ मध्ये तिचे रूपांतर सुरू झाले. हेर्झॉग आणि द म्यूरॉन यांच्या आराखड्यानुसार बाहेरच्या भिंती राखून आतला भाग पोखरून काढला, पायात सुमारे ६५० खांबांची भर घातली आणि वर काचेची इमारत चढवली. आता जुन्या भागात मुख्यतः वाहनतळ आहे. ३७ मीटर उंचीवर सर्वांना खुला चौक. त्याच्या वर हॉटेल, ४५ घरे आणि २,१०० आसनांचे संगीत सभागृह.

बंदरात जहाजांचे भोंगे वाजत असताना सभागृह शांत कसे राहते? सुमारे १२,५०० टनांचे हे सभागृह ३६२ स्प्रिंगसंचांवर तोललेले आहे. जड वस्तू मऊ स्प्रिंगवर ठेवली की तिची नैसर्गिक कंपनसंख्या फार कमी होते. त्याहून बऱ्याच जलद कंपनांचा थोडाच अंश तिच्यापर्यंत पोचतो. दोऱ्याऐवजी रबराला दगड टांगून, वरचे टोक भराभर हलवून हे वर्गात दाखवता येईल.

११ जानेवारी २०१७ रोजी ‘एल्बफिलहार्मनी’ खुली झाली. सुरुवातीला शहरावर ७.७ कोटी युरोंचा भार पडेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ७८.९ कोटी पडला. वास्तू अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण आत काहीच उरले नसताना वखार ‘जतन’ झाली असे आपण म्हणावे का? आणि खर्च सर्वांचा असेल, तर लाभ कोणाकोणाचा? आपल्या गावातल्या बंद गोदामाकडे बोट दाखवून हेच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहू या.