एकाच दुकानातून का? विद्यापीठांतल्या ‘सिंगल टेंडर’ची गोष्ट

आजचा विषय जरा ऑफिसच्या फायलीसारखा वाटेल, पण ऐका. तुमच्या विभागात एक महागडं यंत्र येतं, कंपनी आधीच ठरलेली असते आणि दुसऱ्या कोणाला कोणी भाव विचारलेलाच नसतो. हे चालतं का? उत्तर असं की कधी कधी चालतं. आणि ते ‘कधी कधी’ म्हणजे नेमकं कधी, यामागे बराच मोठा इतिहास आहे.

सरकारी खर्चाचं मूळ पुस्तक म्हणजे जनरल फायनान्शियल रूल्स, थोडक्यात जीएफआर. हे नियम पहिल्यांदा १९४७ मध्ये आले. मग १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये नव्याने लिहिले गेले. केंद्रीय विद्यापीठं आणि केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संस्था साधारणपणे यांच्याच चौकटीत खरेदी करतात. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांना राज्याचा कायदा आणि राज्याचे खरेदी नियम लागू होतात. पण गाभा दोन्हीकडे एकच आहे. पैसा लोकांचा आहे, म्हणून विकायची संधी सगळ्यांना मिळाली पाहिजे.

हा गाभा कोर्टाने पक्का केला तो मुंबईच्या एका रेस्टॉरंटमुळे. खरंच! मुंबई विमानतळावर सेकंड क्लास रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला द्यायचे होते. निविदेत अट होती की अर्जदार नोंदणीकृत सेकंड क्लास हॉटेलवाला हवा आणि त्याला किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. काम मिळालं ते ही अट न पाळणाऱ्या अर्जदाराला. त्याचा मुख्य अनुभव होता कॅन्टीन चालवण्याचा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९७९ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला: सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट स्वतः पाळलीच पाहिजे. अट सैल करणार हे आधी माहीत असतं, तर आणखी लोकांनी अर्ज केला असता. हाच तो रमण दयाराम शेट्टी खटला. गंमत म्हणजे अर्जदार उशिरा कोर्टात आला म्हणून, आणि इतर काही कारणांमुळे, त्याच्या पदरात काहीच पडलं नाही. तत्त्व मात्र राहिलं. आजही कंत्राटाच्या भांडणात हा निकाल वकिलांच्या हाताशी असतो.

२००६ मध्ये मेरठच्या कत्तलखान्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने अपवादही सांगितले. सरकारी कंत्राट जाहीर निविदेनेच द्यायचं, हा नियम. पण आणीबाणी असेल, वस्तू एकाकडेच मिळत असेल किंवा वारंवार लिलाव करूनही कोणी आलं नसेल, तर वेगळा रस्ता घेता येतो. पुढच्याच वर्षी केंद्रीय दक्षता आयोगाने याच निकालाचा आधार घेऊन सगळ्या खात्यांना सांगितलं की निविदेशिवाय, नुसतं नाव ठरवून काम देऊ नका.

आता जीएफआर २०१७ मधला नियम १६६ बघा. एकाच पुरवठादाराकडून घ्यायला तिथे तीन कारणं आहेत. एक, ती वस्तू एकच कंपनी बनवते. दोन, तातडीची गरज आहे आणि ती विशिष्ट ठिकाणाहूनच भागू शकते. तीन, जुन्या यंत्राला जुळणारा भाग किंवा यंत्र हवं आहे. तिसऱ्या कारणासाठी जाणकार तंत्रज्ञाचा सल्ला लागतो. मंजुरी सक्षम अधिकाऱ्याची, आणि कारण लेखी हवं.

पहिल्या कारणासाठी एक कागद भरावा लागतो. त्याचं नाव प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट, सगळे त्याला पीएसी म्हणतात. त्यात लिहून द्यावं लागतं की दुसरी कुठलीही कंपनी किंवा मॉडेल चालणार नाही, आणि का चालणार नाही. माझ्या मते अख्ख्या नियमाचा जीव या ‘का’मध्ये आहे. ‘दर्जा उत्तम’ हे कारण झालं नाही. ‘अमुक मोजमाप इतर यंत्रांना जमत नाही’ हे कारण झालं. शिवाय एकमेव डीलर आणि एकमेव उत्पादक यात फरक आहे. तेच काम करणारं यंत्र दुसरी कंपनी बनवत असेल, तर आपल्या शहरात एकच डीलर आहे म्हणून पीएसी बसत नाही.

खरी मेख तिसऱ्या कारणात आहे. समजा पहिलं यंत्र स्पर्धेत स्वस्त मिळालं. पण त्याला लागणारी रसायनं आणि सुटे भाग त्याच कंपनीचे. मग पुढची १० वर्षं प्रत्येक खरेदी ‘जुळणारा भाग’ म्हणून निविदेशिवाय होते. नियम मोडलेला नसतो, तरी खिसा कापला जातो. म्हणून पहिल्याच निविदेत पुढच्या वर्षांच्या देखभालीचा आणि मालाचा भाव मागणं शहाणपणाचं.

दुसरी बाजूही ऐका. पीएचडी करणाऱ्या पोरांना विचारा, एका रसायनासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. फेलोशिपची मुदत मात्र थांबत नाही. ही ओरड दिल्लीपर्यंत पोचली. जून २०२५ मध्ये केंद्राने संशोधन संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली. सरकारी जेम पोर्टलच्या बाहेरून संशोधनाचं सामान घ्यायचा अधिकार संचालक आणि कुलगुरूंना दिला. म्हणजे विश्वास वाढवला. विश्वास वाढला की हिशेब दाखवायची जबाबदारीही वाढते.

इथे तुम्ही येता. विद्यापीठ माहिती अधिकार कायद्याखाली येतं. केंद्रीय संस्थेकडे अर्जाची फी १० रुपये, एका चहाएवढी. पीएसीची प्रत मागा आणि फक्त ‘का’चा रकाना वाचा. तिथे ठोस कारण असेल तर ज्या प्राध्यापकाने ते लिहिलं त्याला दाद द्या. तो रकाना नुसत्या कौतुकाने भरला असेल, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा ते तुम्हाला आता माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात.