हडळ की शहीद?

कोरियातल्या मिर्यांगमध्ये आरांग नावाच्या मुलीची दंतकथा सांगतात. अत्याचाराला विरोध करताना ती मारली जाते. मग गावात येणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्यासमोर रात्री उभी राहते. तो भीतीनेच मरतो. शेवटी एक जण न घाबरता तिचं ऐकतो, खुन्याला शिक्षा देतो. त्यानंतर ती दिसत नाही. ते भूत सूड मागत होतं, पण न्यायासाठी.

आपली हडळ कोण? बाळंतपणात किंवा विटाळात मेलेली बाई, असं लोक मानतात. अळवंत, जखीण अशी आणखीही नावं आहेत. तिचं म्हणणं मात्र कुणी ऐकत नाही. ती परतू नये म्हणून वाटेवर धान्य टाकतात, उंबऱ्याला खिळे ठोकतात. कुणाला 'झपाटलं' की मांत्रिक येतो. मार बसतो तो जिवंत बाईला.

म्हणजे या भीतीच्या मुळाशी सूड कमी आणि विटाळ जास्त आहे. आणि विटाळाला सातशे वर्षांपूर्वीच उत्तर मिळालं होतं. ते ज्या ग्रंथात आहे, तो आपल्या वऱ्हाडात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात तयार झाला. १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी इथेच लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यात चक्रधरस्वामी सांगतात की, शरीराच्या इतर द्वारांतून मळ बाहेर पडतो, तसाच हाही एक स्राव. त्याचा विटाळ कसला? गोविंदप्रभूंच्या याच गावात महदाइसेने धवळे रचले. बाईच्या देहाला अपवित्र न मानणाऱ्या पंथात मराठीची आद्य कवयित्री घडली, हा योगायोग मला वाटत नाही.

आमच्या परंपरेतही असंच एक उत्तर आहे. बाळंतपणात मरण आलेल्या स्त्रीला हदीसमध्ये शहीद म्हटलंय. मरण तेच; एकीकडे ती हडळ होते, दुसरीकडे शहीद. तरीही आमच्या मोहल्ल्यांत चुडैलीचे किस्से रंगतात, ताईत बांधले जातात, बाधा उतरवणारे बाबा पोट भरतात. हदीस पाठ असणारेही त्यात असतात. तेव्हा दोष एका धर्माच्या गळ्यात घालण्यात अर्थ नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं हा आता गुन्हा आहे. पण कायदा मांत्रिकाचा हात धरेल, मेलेल्या बाईची फिर्याद कोण लिहून घेणार? याच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात माता आणि बालकांचे मृत्यू वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. लहान वयातलं लग्न, अंगात नसलेलं रक्त, वेळेवर न पोचलेली गाडी, लांबचा दवाखाना: त्या फिर्यादीत हेच लिहिलेलं असेल.

आरांगला एक ऐकणारा अधिकारी मिळाला. आपल्याकडे खिळे ठोकणारे पुष्कळ झाले. आता कुणीतरी ऐकायला बसावं.