तांदळावरची बुरशी

आमचा भंडारा जिल्हा धानाचा. तांदळाला बुरशी आली की घरची बाई तो उकिरड्यावर टाकते, आणि तेच योग्य, असे मीही वर्गात सांगत आलो. त्या बुरशीची थोरवी मला कळली ती दुःखातून.

दोन वर्षांमागे माझे थोरले बंधू अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. वडीलही पन्नाशी न पाहताच गेले होते. दादांच्या भातावर तुपाची धार धरणाऱ्या वहिनींना मी बोल लावला, आणि तोही चारचौघांत. पुढे पुतण्याचे रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, तुपाने भर पडली असेल, पण मूळ दोष वडिलोपार्जित. तुम्हीही तपासून घ्या."

मग मी या दोषाचा इतिहास वाचला. काही मुलांना कोवळ्या वयातच हृदयविकार होतो. अमेरिकेत डॅलस येथे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७३ च्या सुमारास अशा रुग्णांच्या कातडीच्या पेशी वाढवून पाहिल्या. निरोगी पेशीच्या अंगावर रक्तातले कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी जणू दारे असतात. त्यांना ग्राही म्हणतात. या मुलांत ती दारे नव्हती, किंवा निकामी होती. आत न गेलेले कोलेस्टेरॉल रोहिणीच्या भिंतीत साचते आणि वाट अरुंद होते. दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर निम्मी दारे चालतात, आणि घाला पडतो तो बहुधा ऐन कर्त्या वयात. या शोधाला १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच सुमारास जपानमध्ये अकिरा एंडो हे हजारो बुरश्या तपासत होते. क्योटोच्या एका धान्यदुकानातील तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत १९७३ साली त्यांना कॉम्पॅक्टिन हे द्रव्य सापडले. ते यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. मग यकृताच्या पेशी रक्तातले ओढून घेण्यासाठी अधिक दारे उघडतात. त्या वाटेने निघालेले स्टॅटिन जातीचे पहिले औषध १९८७ साली बाजारात आले. आज माझा पुतण्या त्याच जातीची गोळी घेतो, आणि मीही.

गेल्या पाडव्याला मी वहिनींची क्षमा मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. पाने मांडली, भात वाढला आणि हळूच विचारले, "भाऊजी, तूप वाढू की नको?"

"थोडेसेच," मी म्हणालो.