उष्णता फुकट, पण तास विकत: उरणच्या वायू टर्बाइनची गोष्ट

वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की आपण हैराण होतो. वायू टर्बाइनच्या धुराड्यातून बाहेर पडणारी हवा साधारण 500 अंशांची असते. ती वाया जाते हे दिसल्यावर माझ्यासारख्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वाटतं, पकडा की तिला! पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तसा हिशेब मांडलाही होता. गाइडनी समासात एवढंच लिहिलं: ‘वर्षाचे 8000 तास कुठून आणले?’

त्या प्रश्नाचं उत्तर मला आपल्या राज्याच्याच इतिहासात सापडलं, रायगड जिल्ह्यातल्या उरणला.

1974 मध्ये मुंबई हाय इथे तेल सापडलं. तेलाबरोबर वायूही आला. त्या काळी बराचसा वायू समुद्रातच जाळून टाकला जाई. तो वापरायला वीज मंडळाने 1982 मध्ये उरणला 60 मेगावॅटचे चार वायू संच उभारले. 1985-86 मध्ये 108 मेगावॅटचे आणखी चार आले. वायू टर्बाइन लवकर उभं राहतं आणि विजेची टंचाई तर होतीच. पण इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा धुराड्यातून जात होती.

उष्णता पकडणारे बॉयलर आणि 120 मेगावॅटचे दोन वाफेचे संच आले ते 1994 मध्ये. आता हिशेब बघा. 108 च्या चार संचांचे 432 मेगावॅट, त्यात 240 ची भर. म्हणजे जादा वायू न जाळता क्षमता सुमारे 55 टक्क्यांनी वाढली.

मग हे आधीच का नाही केलं? इथे थांबून विचार करा. जो वायू नाहीतरी जाळूनच टाकायचा, तो वाचवण्याला किंमत ती किती? उष्णता ‘वाया’ जाते असं आपण तेव्हाच म्हणतो, जेव्हा इंधनाला किंवा विजेला भाव येतो. बॉयलरचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून खराच असतो. शिवाय चालू कारखान्यात जागा शोधा, जोडणीसाठी संच बंद ठेवा, आणि धुराची वाट अडली की टर्बाइनची ताकद थोडी घटते, तेही सोसा.

खरी मेख पुढेच आहे. 240 मेगावॅट वर्षाला 5000 तास चालले तर 120 कोटी युनिट मिळतात; 2000 तासच चालले तर 48 कोटी. कर्जाचा हप्ता दोन्हीकडे तोच! नंतरच्या वर्षांत वायूचा पुरवठा अपुरा पडू लागला आणि उरणचं केंद्र पूर्ण क्षमतेने चालेनासं झालं. टर्बाइन थंड, तर मागचा बॉयलरही थंड.

गंमत बघा: वायू स्वस्त असेल तर बचतीला मोल नाही, महाग किंवा दुर्मिळ झाला तर संचच कमी चालतो. उष्णता पुनर्प्राप्ती परवडते ती या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात.

म्हणून मित्रांनो, प्रस्ताव लिहिताना कार्यक्षमतेचा आकडा जरूर द्या, पण त्याच्या शेजारी तासांचा रकाना ठेवा. आणि तो अंदाजाने भरू नका. आधी इंधन कुठून, किती वर्षं येणार ते शोधा. माझा तो रकाना भरायला पुढे सहा महिने लागले. प्रबंधातलं सगळ्यात कामाचं प्रकरण त्यातूनच निघालं.