शुगर बीटचे मूळ आणि मातीतले राखणदार

मंडळी, साखर म्हटली की आपल्याला आठवतो तो ऊस. युरोपात मात्र घरी येणारी साखर बहुतेक वेळा शुगर बीटची असते. या पिकाची मूळकूज रोखणाऱ्या जिवाणूंची माहिती आम्ही येथे देत आहोत.

रोग कोणता?
शुगर बीटची साखर साठते ती मुळात. म्हणजे मूळ कुजले की पीकच गेले! पिथियम हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव कोवळी रोपे मारतो. रायझोक्टोनिया सोलानी ही बुरशी रोपांबरोबर वाढलेला कंदही कुजवते. ती जमिनीत वर्षानुवर्षे तग धरते.

जिवाणू काय करतात?
मुळांतून पाझरणाऱ्या रसावर सुडोमोनाससारखे जिवाणू जगतात. ते मुळाभोवतीची जागा आणि लोह आधीच बळकावतात, तसेच बुरशीला मारक द्रव्ये तयार करतात. सुडोमोनासचा एफ-११३ हा वाण आयर्लंडमध्ये शुगर बीटच्या मुळांवरच सापडला. त्याचे डीएपीजी हे द्रव्य पिथियमला रोखते, असे तेथील संशोधकांना आढळले. आयर्लंडमधील साखर कारखानदारी २००६ साली बंद झाली, पण या जिवाणूचा अभ्यास पुढेही होत राहिला.

मातीचे विरजण
नेदरलँड्समधील एका शेतातील मातीत रायझोक्टोनिया मिसळूनही शुगर बीटची बरीच रोपे तगली. ही माती ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर तिचा हा गुण गेला. उलट रोगट होणाऱ्या मातीत तिचा दहावा हिस्सा मिसळल्यावर, दुधाला विरजण लावावे तसा, तो गुण काही प्रमाणात तिच्यातही उतरला. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. या गुणामागे एकच जिवाणू नसून अनेकांचा समूह असतो, हे त्यातून दिसले.

मर्यादा
प्रयोगशाळेतले यश शेतात दर वेळी मिळत नाही. थंडी, ओल आणि मातीतले मूळचे जिवाणू यांच्यापुढे बाहेरून सोडलेले जिवाणू टिकावे लागतात. म्हणून पिकांची फेरपालट, पाण्याचा निचरा आणि रोगप्रतिकारक वाण यांना पर्याय नाही. जिवाणू त्यांच्या जोडीला.

आपल्याकडेही हळद आणि आल्याची कंदकूज रोखण्यासाठी शेतकरी सुडोमोनास व ट्रायकोडर्मा वापरतात. गावी शेती असेल, तर पुढच्या फोनवर जरूर विचारा!