चाकांचा कल आणि पावत्यांचा गठ्ठा: जुनी २०५ जीटीआय पारखताना

जुनी सनद हाती आली की इतिहासाचा अभ्यासक तिचा मजकूर लगेच खरा धरत नाही. कागद त्या काळचा आहे का, शिक्का जागेवर आहे का, मागाहून कोणी खाडाखोड केली आहे का, हे तो आधी पाहतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपूर्वीची प्यूजो २०५ जीटीआय विकत घेऊ पाहणाऱ्यालाही हेच करावे लागते. या मोटारीत नेमके काय तपासावे, हे तिच्या इतिहासानेच ठरवून ठेवले आहे.

१९७८ मध्ये प्यूजोने क्रायस्लरचा डबघाईला आलेला युरोपीय कारभार विकत घेतला आणि त्या ओझ्याखाली ती स्वतःच वाकली. कंपनीला सावरले ते १९८३ च्या २०५ या छोट्या हॅचबॅकने. पुढच्याच वर्षी तिची जीटीआय आवृत्ती आली: १.६ लिटरचे इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि वजन ९०० किलोच्या आतबाहेर. १९८६ च्या अखेरीस १.९ लिटरचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. त्याच सुमारास, १९८५ आणि १९८६ अशी सलग दोन वर्षे, २०५ टर्बो १६ ने जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकले. त्या रॅलीच्या गाडीचे इंजिन आसनांच्या मागे होते आणि शक्ती चारही चाकांना मिळे. दुकानातल्या जीटीआयशी तिचे साम्य मुख्यतः चेहऱ्यापुरते. पण तरुण ग्राहकाला चेहराच पुरेसा होता.

हलकेपणाची किंमत वळणावर मोजावी लागे. भर वेगात वळताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाई. कुशल हातांना हाच गुण वाटे. नवशिक्याची गाडी मात्र मागच्या बाजूने कुंपणात शिरे. म्हणून आजचा जाणकार बॉनेटइतकाच वेळ डिकीपाशी घालवतो. सतरंजी उचलून तळाचा पत्रा चुरगळलेला आहे का, दोन्ही बाजूंची वेल्डिंग सारखी आहे का, हे तो पाहतो. वरचा रंग नवा असू शकतो. तळाचा पत्रा सरळ करण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

त्यानंतर दहा पावले मागे जाऊन गाडीकडे नुसते पाहावे. मागची चाके वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली, तर मागच्या ॲक्सलमधील बेअरिंगे झिजली आहेत, असे समजावे. सील खराब होऊन पाणी आत शिरते, बेअरिंग गंजते आणि शेवटी ॲक्सलच खराब होतो. हा दोष फुकट दिसतो, दुरुस्त मात्र महागात होतो. (याच २०५ वर बेतलेली ३०९ नव्वदच्या दशकात आपल्या कल्याणच्या कारखान्यात तयार होत असे.)

यापुढचा प्रश्न मात्र ओळखीचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वेगवान हॅचबॅक चोरून रस्त्यावर कसरती करण्याचे वेड ब्रिटिश शहरांत पसरले. १९९१ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्लॅकबर्ड लीज वसाहतीत त्यावरून दंगल झाली आणि १९९२ मध्ये संसदेला अशा चोरीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तरुणांसाठी या गाड्यांचा विमा आवाक्याबाहेर गेला. चोरीच्या गाडीला भंगारात गेलेल्या गाडीचा क्रमांक लावून विकण्याची जुनी युक्तीही होतीच. त्यामुळे पत्र्यावर कोरलेला चासी क्रमांक, प्लेटवरचा क्रमांक आणि कागदांवरचा क्रमांक तिन्ही ठिकाणी एकच हवा. प्यूजोचा क्रमांक ‘व्हीएफ३’ या अक्षरांनी सुरू होतो. कोरलेल्या अंकांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

बनावटीचा दुसरा प्रकार अधिक सभ्य आहे. १.६ च्या गाडीवर १.९ चे बिल्ले लावायला अर्धा तास पुरतो. बिल्ल्यांवर विश्वास न ठेवता मागच्या चाकाच्या आत डोकावावे. मूळ १.९ ला मागेही डिस्क ब्रेक होते आणि चाके १५ इंची, १.६ ला मागे ड्रम आणि चाके १४ इंची. चाके बदलता येतात, ब्रेकही बदलता येतात, पण फसवणारा सहसा इतका खर्च करत नाही.

१९७० मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक गाजलेला निबंध लिहिला. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, आणि म्हणून चांगली गाडीही वाईटाच्या भावात जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. ही दरी थोडी तरी बुजते ती कागदांनी. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या दाखल्यावर धावलेले मैल नोंदलेले असतात. ते वर्षानुवर्षे वाढत गेले पाहिजेत. मध्येच आकडा घसरला, तर मीटर मागे फिरवलेला आहे किंवा बदललेला आहे. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला, याची पावती हवी, नुसता शब्द नको.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवण्याची विनंती आधीच करावी. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावावा. ते गरम असेल, तर थंड इंजिन सुरू होताना निघणारा निळसर धूर लपवायचा होता की काय, ही शंका रास्त आहे. आणि गाडी ‘पूर्ण नव्याने बनवली’ असे सांगणाऱ्याकडे उघड्या पत्र्याची, कामाच्या मधल्या टप्प्यांची छायाचित्रे मागावीत. ती नसतील, तर काम झालेच नाही असे धरून किंमत बोलावी.